रेषेच्या आतले कपडे

हार्लन प्रेंटिसनं नेब्रास्कातल्या ओल्डेन गावाचा बेसबॉल संघ विकत घेतला तो एप्रिलमध्ये, आणि मे संपायच्या आत त्यानं संघाचा मॅनेजर एमिल कुचेरा याला कोट घालायला लावला.

लावला म्हणणं तितकंसं बरोबर नाही. प्रेंटिसचं ओल्डेनच्या मुख्य रस्त्यावर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. माणसाला नको असलेला कपडा त्याच्याच तोंडून मागवून घ्यायचा, हे त्याचं कौशल्य होतं. त्यानं एमिलला दुकानात बोलावलं, कॉफी दिली आणि विचारलं, "कुचेरा, फुटबॉलचा कोच हॅट-कोटात येतो. बास्केटबॉलचा टाय लावतो. शर्यतीच्या घोड्यांचा ट्रेनर काही खोगीर घालून येत नाही. मग बेसबॉलमध्येच पन्नाशीच्या माणसानं पोरांचे कपडे का घालायचे?"

एमिलला उत्तर माहीत होतं, पण ते मोठ्यानं सांगण्यासारखं वाटत नव्हतं. तो पहिल्यांदा खेळायला लागला तेव्हा हॅनरॅटी नावाचा एक आयरिश माणूस संघ चालवायचा. तो पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या थांब्यावर, स्वतः खेळायचा आणि खेळता खेळताच कुणी कुठे उभं राहायचं, कुणी चेंडू टाकायचा ते ठरवायचा. आगगाडीची तिकिटं, हॉटेलं, हिशेब हे बघायला हॅट घातलेला दुसरा माणूस असायचा आणि त्याला खेळातलं काही कळावं अशी कुणाची अपेक्षा नसे. पुढे हॅनरॅटीसारखे कप्तान म्हातारे झाले, त्यांचं खेळणं थांबलं, पण संघ चालवणं थांबलं नाही. कपडे बदला असं त्यांना कुणी म्हटलं नाही आणि त्यांनाही सुचलं नाही. त्यांच्यामागून आले त्यांनी जे पाहिलं तेच घातलं. एमिलचंही तसंच झालं होतं. आधी तो कॅचर होता, म्हणजे प्लेटमागे, फलंदाजाच्या पाठीशी बसून चेंडू पकडणारा, मग कॅचर आणि मॅनेजर, मग गुडघे गेले आणि नुसता मॅनेजर उरला. यात कपडे बदलावेत असा दिवस कुठला, ते त्याला दाखवता आलं नसतं.

"पहिल्यापासून असंच आहे," तो म्हणाला.

"म्हणजे सवय."

"सवयच म्हणायची."

प्रेंटिसनं मग राखाडी रंगाचा, बारीक रेघांचा कोट काढला आणि एमिलला आरशासमोर उभं केलं. एमिलला आरशात जो माणूस दिसला तो बँकेत कर्ज मंजूर करणारा वाटत होता. गेली तीन वर्षं परगावच्या मैदानांवर लोक त्याच्या पोटाकडे बघून, आजोबा, झोपेतून उठून तसेच आलात का, असं ओरडत होते. आरशातल्या माणसाला तसं कुणी ओरडलं नसतं.

घरी आग्नेसनं कोटाची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुझ्याबरोबर चर्चला जाताना, तुमचे हे काय करतात, असं मला कुणी विचारणार नाही."

एक अडचण होती. ओल्डेन ज्या लीगमध्ये खेळायचं तिच्या नियमाप्रमाणे सामना चालू असताना चुन्याच्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं ते गणवेशातल्या माणसानंच. कोटातला मॅनेजर डगआऊटमध्ये, मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर, बसू शकत होता, तिथून खुणा करू शकत होता, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलायचा तर पंचाला तसं कळवू शकत होता, पण पिचरपर्यंत चालत जाऊ शकत नव्हता. प्रेंटिसनं त्यावर तोडगा काढून ठेवला होता. पहिल्या बेसवरचा गस ट्वीडी संघात सगळ्यांत जुना होता. निरोप असेल तेव्हा गस जाईल. प्रेंटिसनं तिकीट खिडकीशेजारची खोलीही एमिलला देऊन टाकली. तिथे टेबल होतं, हँगर होता आणि दुकानातला एक जुना आरसा होता. आता एमिल घरूनच तयार होऊन यायचा, त्या खोलीत हॅट ठेवायचा आणि थेट डगआऊटमध्ये जायचा. स्टँडखालच्या लांबट खोलीत, जिथे खेळाडू कपडे बदलायचे, तिथे त्याचं जाणं संपलं. त्याचा गणवेश मात्र तिथल्या खिळ्यावर तसाच लटकत राहिला, कारण तो अजून नावापुरता दुसरा कॅचर होता. नॉर्बर्ट हाकेचं बोट मोडलं तर प्लेटमागे बसायला या संघात आणखी कुणी नव्हतं.

पहिले काही दिवस समोरच्या संघांनी मजा करून घेतली. कोण गेलं, फुलं कुठे पाठवायची, असं त्यांच्या बाकावरून विचारलं जाई. ओल्डेनच्या लोकांना मात्र कोट आवडला. खेळाडू काही बोलले नाहीत. त्यांच्यात थोडासा फरक पडला तो एमिलला चांगला वाटला. तो आला की गस उठून उभा राहायला लागला. चालू असलेला चावटपणा मध्येच थांबायचा. इतक्या वर्षांनी पोरं मान द्यायला शिकली, असं तो आग्नेसला म्हणालाही.

जूनच्या मध्यावर एका शनिवारी वरच्या लीगसाठी खेळाडू हेरणारा माणूस ओल्डेनला आला. अशी माणसं कुणाला सांगून येत नाहीत, पण सकाळी त्यानं हॉटेलात अंडी मागवली आणि दुपारपर्यंत पिठाच्या गिरणीतल्या हमालांनाही तो कुणासाठी आलाय ते कळलं होतं. तो लॉइड रासमुसेनसाठी आला होता. लॉइड बावीस वर्षांचा. बाप लोण्याच्या कारखान्यात कामाला, आणि लॉइडही सामने नसले की तिथेच डबे उचलायचा. त्याचा सरळ चेंडू वेगवान होता, पण तेवढ्यासाठी कुणी इतक्या दूर आलं नसतं. त्याचा वळणारा चेंडू मात्र फलंदाजासमोर येईपर्यंत सरळ यायचा आणि मग टेबलाच्या कडेवरून पडल्यासारखा खाली जायचा. अशा चेंडूवर माणूस नेब्रास्काच्या बाहेर पडू शकतो.

गवती हॅट घातलेला तो माणूस प्लेटमागे तिसऱ्या ओळीत बसला आणि शेंगदाणे खाऊ लागला. पहिले चार डाव लॉइडनं समोरच्यांना काही करू दिलं नाही. पाचव्या डावात एमिलला काहीतरी दिसलं.

चेंडू सोडताना लॉइडचं कोपर थोडं खाली आलं होतं. बोटभर, फार तर दोन बोटं. दोन चेंडूंच्या मध्ये तो हात पाठीमागे नेऊन झटकत होता, हात पुसल्यासारखं करून. डगआऊटमधून तो बाजूनं दिसत होता आणि ऊन तिरपं होतं. बोटभर अंतराचा फरक उन्हामुळेही दिसू शकतो, हे एमिलला माहीत होतं.

पूर्वी अशा वेळी तो उठून सावकाश चालत जायचा. घाई केली तर पिचर घाबरतो. पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर पोचलं की हात पुढे करायचा आणि पिचरनं चेंडू हातात ठेवायचा. तो चेंडू किती ओला आहे, हात कसा पुढे आला, बोटं कशी सुटली, एवढ्यावरून निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं डोळ्यांत दिसायचं. विचारायची वेळ फार क्वचित यायची.

त्यानं गसला खूण केली. गस उंचवट्यापर्यंत गेला, डोकं खाली घालून लॉइडशी दोन शब्द बोलला आणि डाव संपल्यावर येऊन म्हणाला, "ठीक आहे म्हणतो."

"तुला काय वाटतं?"

"मला ठीकच वाटला."

नॉर्बर्टला विचारलं तर तोही मास्कची पट्टी नीट करत म्हणाला की चेंडू चांगला येतोय. मग एमिल बाकाच्या टोकाला लॉइडपाशी जाऊन बसला. लॉइडनं उजवा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवला होता.

"हात कसा आहे?"

"ठीक आहे, सर."

गेल्या महिन्यापर्यंत या संघात एमिलला कुणी सर म्हटलं नव्हतं. कप्तान म्हणायचे, आणि तो ऐकत नाहीये असं समजून म्हातारबा.

सहावा डाव झाला. सातव्यात समोरच्यांची एक धाव झाली. ओल्डेन दोन-एकनं पुढे होतं. लॉइड आता वळणारा चेंडू कमी टाकत होता आणि प्रत्येक वेळी आधी गवती हॅटकडे बघत होता. एमिलला दोन गोष्टी दिसत होत्या आणि दोन्हींची सारखीच भीती वाटत होती. नुसत्या संशयावरून लॉइडला काढलं तर तो माणूस शेंगदाण्याची टरफलं झटकून उठून जाईल आणि परत येणार नाही. ठेवलं, आणि संशय खरा निघाला, तर हात जाईल. एमिलनं गेलेले हात पाहिले होते. त्याच्याबरोबर खेळलेला एक पिचर आता गिरणीत पोती मोजायचा आणि केस डाव्या हातानं विंचरायचा. त्यालाही कुणीतरी शेवटच्या दिवशी विचारलं असणार, आणि तोही ठीक आहे म्हणाला असणार.

पिचर बदला, एवढं पंचाला बाकावरून कळवता आलं असतं. पण ते ठरवायचं कशावरून? ज्याला ज्याला विचारलं तो एकच शब्द सांगत होता.

ओल्डेनचे फलंदाज खेळायला गेले तसा एमिल उठला आणि डगआऊटमागच्या बोगद्यातून स्टँडखालच्या खोलीत गेला. गणवेश खिळ्यावरच होता. पँटचा हूक लागला नाही. त्यानं पट्टा शेवटच्या भोकात अडकवला आणि सदरा बाहेर ओढून तो भाग झाकला. टाय सुटेना, गाठ प्रेंटिसनंच बांधून दिली होती, म्हणून त्यानं टाय तसाच डोक्यावरून काढला. बाहेर येऊन पंचाला सांगितलं, हाकेच्या जागी कुचेरा.

पंचानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं. भोंग्यावरून नाव ऐकलं तेव्हा स्टँडमध्ये हशा पिकला. प्रेंटिस त्याच्या पाहुण्यांबरोबर पुढच्या ओळीत होता. तो हसला नाही.

गणवेशात नुसतं चालत जाऊन लॉइडला परत विचारता आलं असतं. पण तोंडानं तो जे सांगायचं तेच सांगणार होता. चेंडूला तसं सांगता येत नाही, आणि चेंडू पकडायला प्लेटमागे बसावं लागतं.

नॉर्बर्टला वाईट वाटेल असं एमिलला वाटलं होतं. नॉर्बर्टनं पायांवरच्या ढाली आणि छातीवरची गादी इतक्या घाईनं सोडली की एक बक्कल तुटलं. मास्क हातात देताना तो हळूच म्हणाला, "वळणारा जरा जपून मागा, कप्तान."

एमिल खाली बसला तेव्हा दोन्ही गुडघ्यांचा आवाज झाला. फलंदाजानं वळून पाहिलं.

"आजोबा, उठायचं झालं की हाक मारा. मी हात देतो."

"तू आधी चेंडूला बॅट लाव," एमिल म्हणाला. "मग म्हाताऱ्यांची सेवा कर."

पहिला चेंडू सरळ होता. ग्लव्हमध्ये आवाज चांगला आला. लोकांना आणि गवती हॅटला तो आवाजच ऐकू येत होता. पण चेंडू तळहातावर आदळला तेव्हा त्यात शेवटचा धक्का नव्हता. हात मोकळा असला की चेंडू ग्लव्हमध्ये आल्यावरही क्षणभर पुढे जाऊ बघतो. हा आला आणि थांबला. दुसराही तसाच. दोन्ही एमिलनं मागितल्यापेक्षा वर आले होते. मग त्यानं दोन बोटं दाखवून वळणारा मागितला.

लॉइडनं नकारार्थी मान हलवली. एमिलनं पुन्हा दोन बोटं दाखवली. लॉइड बराच वेळ चेंडूकडे बघत उभा राहिला आणि मग त्यानं टाकला. चेंडू वळला नाही. खांद्याच्या जोरानं ढकललेला, संथ फिरत, फलंदाजाच्या छातीसमोर येऊन तरंगला. फलंदाजानं तो डाव्या कोपऱ्यात भिरकावला आणि दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. एमिल त्याच्याकडे बघत नव्हता. चेंडू सोडल्यावर लॉइडचा हात खाली आलाच नव्हता, बरगडीपाशी दुमडून राहिला होता, आणि तोंड पांढरं पडलं होतं.

एमिलनं पंचाला खेळ थांबवायला सांगितलं, मास्क डोक्यावर सरकवला आणि चालत गेला. सावकाश, कारण गुडघे त्याहून लवकर नेत नव्हते. गसही पहिल्या बेसवरून आला.

"हात लांब कर," एमिल म्हणाला.

"केलाय."

"पूर्ण."

लॉइडनं प्रयत्न केला. कोपर अर्ध्यावर अडकलं, बिजागरी गंजलेल्या दारासारखं.

"कधीपासून?"

"हा डाव राहू द्या, कप्तान. तो जाईपर्यंत. एवढा एकच डाव."

"कधीपासून, लॉइड?"

"ब्रॅडीच्या सामन्यापासून."

ब्रॅडी गावातल्या त्या सामन्याला पंधरवडा होऊन गेला होता. एमिलनं गसकडे पाहिलं. गस बुटानं माती उकरत होता.

"कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना," गस म्हणाला.

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"ऑफिसला कोण सांगतं, कप्तान?"

तो हे टोचून बोलला नव्हता. कुठल्याही संघात जे असतं ते त्यानं सांगितलं होतं. खेळाडूचं दुखणं खेळाडूंमध्ये राहतं, ते कोट घातलेल्या माणसांपर्यंत जाऊ द्यायचं नाही. गसच्या जागी एमिल असता तर त्यानंही सांगितलं नसतं.

त्यानं हात पुढे केला. लॉइड त्या हाताकडे बघत राहिला.

"तुम्ही मला संपवताय," तो म्हणाला.

"असेल. चेंडू दे."

लॉइडनं चेंडू दिला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. व्हर्न नावाचा दुसरा पिचर आला, त्याच्याकडे सरळ चेंडूशिवाय काही नव्हतं. ओल्डेन पाच-दोननं हरलं. एकदा बदललेल्या नॉर्बर्टला नियमाप्रमाणे परत आत येता येत नव्हतं, त्यामुळे उरलेला सगळा सामना एमिललाच प्लेटमागे बसावं लागलं. शेवटी शेवटी तो बसत नव्हता, एका गुडघ्यावर टेकून राहत होता आणि चेंडू त्याच्या बाजूनं निसटत होते. लोक हसून हसून दमले आणि घरी जायला लागले. गवती हॅटवाला लॉइड बाहेर गेला तेव्हाच उठला होता.

सामना संपल्यावर प्रेंटिस तिकीट खिडकीच्या खोलीत वाट बघत होता. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. आपण पाहुणे आणले होते आणि ते आपल्या मॅनेजरच्या पँटबद्दल बोलत घरी गेले, एवढंच त्यानं सांगितलं. शिवाय सामना गेला आणि वरच्या लीगला विकला जाऊ शकणारा एकमेव खेळाडूही गेला.

एमिल खुर्चीत बसला होता आणि त्याला लगेच उठता येणार नव्हतं.

"तुम्ही मला विचारलं होतं, का घालायचे हे कपडे. मला सांगता आलं नव्हतं."

"आता येतं?"

"कोटातल्या माणसाला सगळे ठीक आहे म्हणतात."

प्रेंटिस खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. तसाच बघत तो म्हणाला, "दुकानात मलाही तेच म्हणतात."

उद्यापासून कोट घालणार का, हे त्यानं विचारलं नाही. एमिलनंही तो विषय काढला नाही. प्रेंटिसनं दिवा मालवला आणि त्याला बाहेरच्या पायऱ्या उतरताना दंडाला धरलं, ते एमिलनं धरू दिलं.

सोमवारी डॉक्टरांनी लॉइडचं कोपर पाहिलं. आतलं काहीतरी ताणलं गेलंय, तुटलेलं नाही, असं त्यांचं मत पडलं. आणखी थोडा वेळ टाकत राहिला असता तर काय झालं असतं ते आपण सांगू शकत नाही, आणि पुढच्या वर्षी काय होईल तेही नाही. या वर्षी चेंडू टाकायचा नाही, एवढं नक्की.

मंगळवारी सामना होता. एमिल लवकर आला आणि स्टँडखालच्या खोलीत त्याच्या खिळ्याजवळ बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. आग्नेसनं पँटच्या मागच्या शिवणीत कापडाची पट्टी घातली होती. टाके मजबूत होते. एकेक करून पोरं येत होती. एमिलला तिथे बघून आधी गप्प झाली, आणि मग व्हर्ननं नॉर्बर्टच्या बुटात ओला साबण टाकल्यावरून पुन्हा बडबड सुरू झाली. गसनं यावेळी मान-बिन काही दिला नाही, शेजारून जाताना म्हणाला, "सरका जरा, म्हातारबा."

लॉइड दारात आला तो घरच्या कपड्यांत. ग्लव्ह आणि बूट न्यायला आलो, असं तो कुणाकडेही न बघता म्हणाला. त्यानं दोन्ही वस्तू पिशवीत भरल्या. शनिवारपासून तो एमिलशी बोलला नव्हता आणि आजही बोलायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

"कुठे बसणार?" एमिलनं विचारलं.

"वर. स्टँडमध्ये."

"कपडे घाल. पहिल्या बेसपाशी उभं राहून आपल्या पोरांना पळायचं की थांबायचं ते सांगायला माणूस हवाय."

"मला चेंडू टाकता येत नाही."

"मलाही येत नाही," एमिल म्हणाला. "घाल."

लॉइड थोडा वेळ पिशवी धरून उभा राहिला. मग त्यानं ती खाली ठेवली, सदरा काढला, खिळ्यावरचा गणवेश घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून घालायला लागला. आधी वाकून उजवी बाही हातावर चढवली, मग डावी. मग डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि एका बोटानं बटणं लावली, वरून खालपर्यंत, न बघता, उजव्या हाताचा कुठेही उपयोग न करता. त्याला इतर कुणाहूनही जास्त वेळ लागला नाही. अवघड काम रोज केलं की इतकं सोपं होतं. आजूबाजूला कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही, कारण या खोलीत ते पंधरवडाभर हे रोज बघत आले होते.

एमिलनं शेवटच्या बटणापर्यंत पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि लॉइड दारापर्यंत पोचेस्तोवर थांबून त्याच्याबरोबर बाहेर गेला.